पाजण्याचा क्रम

अहवालाच्या दुसऱ्या पानावर मी एक ओळ लिहिली होती : ‘रोग पसरण्याचे मुख्य कारण – वासरांना पाजण्याचा क्रम.’ ओळ बरोबर आहे. आज पुन्हा लिहायला बसले तरी हीच लिहीन. पण या ओळीमुळे एका बाईच्या हातातलं काम काढून घेतलं गेलं, आणि त्यात माझा वाटा किती, हे चार महिने झाले तरी मला ठरवता आलेलं नाही.

मी जनावरांची डॉक्टर आहे. मोठ्या गोठ्यांवर कळपाचं आरोग्य पाहते. एका आजारी गाईला सुई टोचून निघायचं काम कमी. रोग आत कुठून आला आणि कोणाच्या हातापायांनी फिरतोय ते शोधायचं काम जास्त. त्या गोठ्याच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा तीन आठवड्यांत सात वासरं गेली होती. “मॅडम, आमच्याकडे घाण नावाला सापडणार नाही,” तो म्हणाला, “तरी वासरं टिकत नाहीत.”

घाण खरोखरच सापडली नाही. फाटकाशी गाड्यांच्या चाकांसाठी औषधी पाण्याचा हौद, पुढे माणसांच्या पायांसाठी दुसरा. वासरांच्या शेडमध्ये प्रत्येकाला वेगळा कप्पा, सिमेंटची जमीन दिवसातून दोनदा प्रेशरच्या पाण्याने धुतलेली, हवेत ब्लिचिंगचा वास. वर्षभरापूर्वी एका प्रशिक्षणात मी याच गोठ्याचं उदाहरण दिलं होतं. ते उदाहरण मी या शेडमध्ये पूर्ण एक सकाळ न घालवता दिलं होतं, हे आता कळतं.

हगवणीच्या केसमध्ये आम्ही आधी रंग विचारत नाही, वासही विचारत नाही. वय विचारतो. जन्मल्यापासून तीन-चार दिवसांत वासरू झटक्यात गेलं तर संशय ई. कोलायच्या एका विशिष्ट जातीवर जातो. साधारण पाच दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत रोटा आणि कोरोना हे विषाणू, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी. तीन आठवडे उलटल्यावर शेणात रक्त दिसू लागलं तर कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी. एवढ्या एका प्रश्नाने निम्मी यादी गळते. मॅनेजरच्या रजिस्टरमध्ये मेलेल्या वासराचा टॅग नंबर होता, मेल्याची तारीख होती, दिलेल्या इंजेक्शनांची नावं होती. हगवण कितव्या दिवशी सुरू झाली, हा रकानाच नव्हता.

ते सांगितलं मावशीने. वासरांच्या शेडमध्ये ती एकटीच काम करायची. पन्नाशीच्या पुढची, बारीक, पदर कमरेला घट्ट खोचलेला. सातही वासरं तिला क्रमाने आठवत होती; नंबरांनी नाही, तिनेच ठेवलेल्या नावांनी. “सहाव्या दिवशी कान पाडतात, बाई. सातव्याला पातळ. कान पडले की मी यांना सांगते, पण पातळ झाल्याशिवाय कोणी येत नाही.” मॅनेजर तिथेच उभा होता. तो मोबाइलकडे पाहत राहिला.

पाच मिनिटांत तिने मला जे दिलं ते त्या रजिस्टरने वर्षभरात दिलं नसतं. सहाव्या-सातव्या दिवसाची सुरुवात, पिवळट पाण्यासारखी हगवण, ताप नाही, आणि तीन वेगवेगळी प्रतिजैविकं देऊनही काडीचा फरक नाही. माझ्या डोक्यात नाव जवळजवळ ठरलं होतं.

शेडमध्ये एकोणीस वासरं होती. एकेक पाहिलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती सपाट व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. डोळा खोबणीत किती आत गेलाय, खालची पापणी आणि डोळ्याचा गोळा यांच्यात फट पडली आहे का. मग तोंडात बोट. हे बोट मला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त सांगतं : तोंड ऊबदार आणि जीभ बोटाला लपेटून चोखते आहे, तर वासराला तोंडाने पाणी देऊन वाचवता येतं. तोंड गार आणि चोखणं थांबलेलं, तर रक्त आंबट झालेलं असतं आणि शिरेतून द्रव द्यावाच लागतो. सहा वासरं आजारी होती. त्यातली दोन आडवी पडलेली. त्यांना मानेच्या शिरेतून सलाइन लावलं, सोबत सोडियम बायकार्बोनेट. त्यातली एक काळ्या तोंडाची कालवड होती. मावशी तिला काजळी म्हणायची. सलाइन चालू असेपर्यंत मावशीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

मध्ये दोनदा मावशी उठून बाहेर गेली आणि पोटावर हात दाबत परत आली. मी ते पाहिलं. पाहिलं आणि एकोणिसाव्या वासराच्या पापणीकडे वळले.

उपचारात मला खरा संताप आला तो एका गोष्टीचा. आजारी वासरांचं दूध दोन दिवस बंद ठेवायचं, असा तिथला नियम होता. हा नियम मला अजूनही गोठ्यागोठ्यांत भेटतो आणि शिकलेली माणसं तो सांगतात. दूध बंद केलं की हगवण कमी दिसते, कारण बाहेर पडायला आत काही उरत नाही. आठ दिवसांच्या वासराच्या अंगावर साठवलेली चरबी असते कितीशी? ते हगवणीतून वाचतं आणि उपासाने जातं. दूध चालू ठेवायचं, थोडं थोडं करून जास्त वेळा, आणि दोन दुधांच्या मध्ये मीठ-ग्लुकोजचं पाणी वेगळं द्यायचं. मावशी खाली पाहत म्हणाली, “मी देत होते जरा जरा. लपून.” जी वासरं तगली होती त्यातली काही त्या लपवलेल्या दुधावर तगली असणार.

तेवढ्यात मालक आले. भला माणूस. पैसा लावायला मागे न पाहणारा, वाचणारा. त्यांना आधी चिकाबद्दल बोलायचं होतं, आणि त्या बाबतीत त्यांचा अभिमान रास्त होता. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं पोटातल्या वासरापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र. जी काही ढाल मिळायची ती चिकातून, आणि आतड्याचं दार त्या ढालीसाठी साधारण चोवीस तासांत मिटतं. म्हणून वजनाच्या दहा टक्के चीक, जमेल तेवढा पहिल्या दोन-चार तासांतच. हे तिथे काटेकोर होत होतं. चिकाचा कस मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर २२ च्या खालचा चीक ते पहिल्या पाजण्याला वापरत नसत. ती ढाल रक्तात उतरली का ते पाहायला मी दहा वासरांचं रक्त काढून रक्तद्रवातली प्रथिनं मोजली. आठ जणांत ५.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर भरली. उत्तम. “मग तरी का?” मालकांनी विचारलं. कारण क्रिप्टोस्पोरिडियमपुढे ती ढाल फारशी कामी येत नाही. तो रक्तात शिरत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून राहतो.

रात्री स्लाइड रंगवल्या. शेणाचा पातळ लेप, त्यावर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग, मग आम्लाने तो धुऊन काढायचा, वरून निळा. आम्लाने बाकी बहुतेकांचा लाल रंग उतरतो, याचा उतरत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लालगुलाबी गोल ठिपके, चार ते सहा मायक्रॉनचे, म्हणजे गाईच्या तांबड्या रक्तपेशीएवढे. यीस्टच्या पेशी आकाराने फसवतात, पण त्या निळ्या राहतात. पहिल्याच स्लाइडवर इतके ठिपके होते की मोजणं सोडून दिलं. हे ठिपके म्हणजे ऊसिस्ट, कवचात बंद झालेला परजीवी. एका आजारी वासराच्या हगवणीतून असे अब्जावधी ऊसिस्ट बाहेर पडतात, आणि बाहेर पडतात तेच दुसऱ्याला लागायला तयार होऊन. दुसऱ्या वासराला आजारी करायला त्यातले शंभराहून कमीही पुरतात.

मी मालकांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. “अहो, ब्लिचिंग रोज दोनदा मारतो आम्ही.” हीच अडचण होती. ऊसिस्टचं कवच क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून हाच परजीवी घराघरांत गेला आणि सुमारे ४ लाख माणसं आजारी पडली, कारण पाणी गाळण्याची व्यवस्था कमी पडली होती. क्लोरीन पाण्यात होतंच. ऊसिस्ट मरतो उष्णतेने, साठ अंशांच्या वर. मरतो पूर्ण कोरडं पडल्यावर. हायड्रोजन पेरॉक्साइड पुरेशा तीव्रतेने, पुरेसा वेळ राहिलं तर त्यानेही. ओल्या, गार, सावलीतल्या सिमेंटवर तो महिनोन्‌महिने टिकतो. आणि आपण दिवसातून दोनदा जमीन ओली करत होतो, प्रेशरच्या पाण्याने एका कप्प्यातलं शिंतोड्यांसकट शेजारच्या कप्प्यात उडवत होतो.

फाटकाशी पायांचा हौद होता त्यात धुण्याचा सोडा होता, चार टक्के. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूसाठी तो योग्यच आहे. तो विषाणू तीव्र आम्लातही मरतो आणि तीव्र अल्कलीतही. क्रिप्टोस्पोरिडियमला त्या सोड्याने काहीही होत नाही. जंतुनाशक कोणत्या शत्रूसाठी, हा प्रश्न विकणारा विचारत नाही आणि घेणारा विसरतो. शिवाय त्या हौदात दुपारपर्यंत शेणाचा थर बसलेला असे. शेण, दूध, चारा यांचा थर कोणत्याही औषधाला आधी स्वतःच पिऊन टाकतो. आधी घासून काढायचं, मग साबण, मग औषध, आणि औषधाला त्याचा वेळ द्यायचा, मग वाळवायचं. हा क्रम मी शंभर वेळा सांगितलाय. लोक शेवटची बाटली लक्षात ठेवतात आणि आधीचा ब्रश विसरतात. आमच्या शिक्षणातही तसंच झालं. औषधांच्या मात्रा आम्ही पाठ केल्या. बूट कसा धुवायचा, टाचेच्या खाचेतलं शेण कशाने काढायचं, हे कोणी एकदाही करून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी शेडच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले. मावशीला म्हटलं, मी नाही असं समजून रोजचं काम करा. अशा बसण्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. सुई टोचली की काम झालं असं दिसतं. डॉक्टर तीन तास नुसती बसून आहे, हे मालकांना पटवणं कठीण. पण गोठ्याचा रोग बसल्याशिवाय दिसत नाही.

मावशी आली. हात धुतले, साबणाने, नीट. एप्रन चढवला. मीठ-ग्लुकोजचं पाणी ढवळलं. आणि थेट गेली शेवटच्या रांगेत, आजारी वासरांकडे. एकेकाला उठवलं, पुसलं, जी पीत नव्हती त्यांच्या घशात नळी घालून हळूहळू पाणी सोडलं. नळी घालताना ती श्वासनलिकेत तर गेली नाही ना, हे बाहेरून मानेवर बोटांनी चाचपत होती. हे कोणी तिला शिकवलेलं नव्हतं. काजळीपाशी सगळ्यात जास्त वेळ. हगवणीने भरलेली शेपटी तिने कोमट पाण्याने धुतली, मागचा भाग कोरडा केला. मग नळी बादलीत बुडवली. बादलीत पोटॅश परमँगनेटचं पाणी होतं. पहाटे ते गडद जांभळं होतं. तिसऱ्या वासरानंतर तपकिरी झालं. तपकिरी झालं म्हणजे त्यातलं औषध संपलं. पुढच्या प्रत्येक बुडवण्याने नळीला जंतूच लागत होते. त्याच बादलीत तिने हात बुडवले, आणि मग निपलच्या बाटल्या घेऊन पुढच्या रांगेत आली, तीन दिवसांच्या, चार दिवसांच्या वासरांकडे. एक वासरू निपल धरेना. मावशीने सवयीने त्याच्या तोंडात आपली दोन बोटं दिली, चोखू दिली आणि अलगद त्या बोटांवरून निपल सरकवलं.

मला ती दोन बोटं अजून दिसतात.

मी विचारलं, “मावशी, मागून का सुरुवात करता?”

ती माझ्याकडे असं पाहायला लागली की जणू मी विचारण्यासारखं काही विचारलंच नव्हतं. “आजारी लेकराला आधी पाहायचं ना, बाई. धडधाकट आहेत ती थांबतील.”

गोठ्याचा नियम याच्या बरोबर उलट आहे. आधी सगळ्यात लहान, निरोगी वासरं. मग मोठी, निरोगी. आजारी सर्वांत शेवटी, वेगळ्या बादलीने, वेगळ्या नळीने, वेगळ्या एप्रनमध्ये, आणि त्यानंतर पुन्हा मागे फिरायचं नाही. घरात, दवाखान्यात, आईच्या मनात जो क्रम असतो तोच शेडमध्ये वासरं मारतो. तिने ज्या मायेने सुरुवात मागून केली, त्या मायेच्याच वाटेने रोग रोज पहाटे पुढच्या रांगेत चालत येत होता.

हे मला तिला एकटीला सांगायला हवं होतं. स्टूल जवळ ओढून, चहूकडे कोणी नसताना. पण तोपर्यंत मालक आणि मॅनेजर येऊन उभे राहिले होते, आणि मला उत्तर सापडल्याचा आनंद झाला होता. तो आनंद आमच्या धंद्यात धोक्याचा असतो. मी तिथेच, सगळ्यांसमोर, भिंतीवर खडूने बाण काढून दाखवले. इथून इथे, इथून इथे. “पाहा, रोज सकाळी रोग असा पुढे येतो.” बाणाच्या प्रत्येक टोकाशी मावशीच होती. ती तपकिरी पाण्याची बादली हातात धरून उभी होती.

त्या दिवशी मी लिहिलेल्या अहवालात बाकीचंही सगळं होतं. प्रेशरने धुणं बंद. एक रांग पूर्ण रिकामी करायची, आधी कोरडं खरवडून शेण काढायचं, मग साबण, मग वाफ, आणि उन्हात वाळवून आठवडाभर तिथे एकही वासरू नाही. नवं वासरू ओल्या कप्प्यात जाणार नाही. बसायला इतकं कोरडं गवत की वासरू बसल्यावर त्याचे पाय दिसता कामा नयेत. निपल आणि बाटल्या आधी कोमट पाण्याने खळखळवायच्या, कारण थेट कढत पाण्यात दुधातली प्रथिनं भांड्याला चिकटून बसतात. मग गरम पाणी आणि डिटर्जंट, ब्रशने घासून. मग पालथ्या घालून वाळवायच्या, एकात एक रचायच्या नाहीत. हॅलोफ्युजिनोन या औषधाबद्दलही लिहिलं, की ते जन्मल्यावर लगेच सुरू करायचं, शोष पडलेल्या वासराला द्यायचं नाही, आणि स्वच्छतेशिवाय त्याच्यावर विसंबायचं नाही. दीड पानभर होतं हे. शेडमध्ये एकाच माणसाला एकोणीस वासरं, आजारी वासरांसाठी वेगळी नळी कधी घेतलीच नाही, एप्रन एकच, कान पडल्याची सूचना ऐकायला कोणी नाही, हे सगळं मला माहीत होतं आणि यातलं काहीही मी ‘कारण’ या मथळ्याखाली घातलं नाही. तिथे ती एकच ओळ होती. पाजण्याचा क्रम.

तीन आठवड्यांनी गेले तेव्हा नवीन मृत्यू नव्हता. दोन वासरांना सौम्य हगवण होऊन गेली होती. शेड कोरडं होतं, ब्लिचिंगचा वास गेला होता, गवताचा येत होता. फळ्यावर क्रम लिहिलेला, नळ्यांना लाल आणि हिरव्या चिकटपट्ट्या. एक तरुण मुलगा बाटल्या भरत होता. मालक खुशीत होते.

“मावशी कुठे?” मी विचारलं.

“कुट्टीवर टाकलंय तिला. हाकललं नाही हो, इतकी वर्षं आहे आपल्याकडे. पण तुम्हीच लिहिलंत ना मॅडम, कारण काय ते.”

मी म्हटलं, मी क्रम लिहिला होता, माणूस नाही. ते म्हणाले, “क्रम माणूसच करतो की.” आणि वर म्हणाले, तिला हलवल्यापासून एकही गेलं नाही, हे तर तुम्हीच पाहताय.

याला मी काय उत्तर देणार होते? त्याच आठवड्यात शेड कोरडं झालं, नळ्या वेगळ्या झाल्या, रांग रिकामी ठेवली, दूध बंद करायचं बंद झालं, आणि मावशी गेली. पाच बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने काय साधलं, ते कोणालाच सांगता येत नाही. मला सांगता येत नाही, त्यांनाही नाही. पण जो बदल बोट दाखवून सांगता येतो तोच लक्षात राहतो. दोन नळ्या आणि दोन एप्रन मावशीला दिले असते, फळा तिच्यासाठी रंगवला असता, तर तिनेही तोच क्रम पाळला असता, आणि वर कान पडलेले आदल्या दिवशी पाहिले असते. हे मी बोलले. मालकांनी ऐकून घेतलं. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, म्हणाले.

मुलगा चांगलाच होता. लहानापासून मोठ्याकडे, चूक न करता. फक्त एका पंधरा दिवसांच्या वासराचा श्वास भरभर चालला होता, आणि त्याने अजून ते पाहिलं नव्हतं. फळ्यावर त्याचा रकाना नव्हता.

कुट्टीचं मशीन गोठ्याच्या मागच्या टोकाला होतं. मी गेले तसं मावशीने बटण बंद केलं. मी माफी मागायला गेले होते, पण आधी तीच बोलली. नातू आजारी होता म्हणाली. चार वर्षांचा. आईबाप कामावर गेले की तो तिच्याबरोबर शेडमध्ये यायचा, वासरं त्याची बोटं चोखायची, तो हसायचा. मी पहिल्यांदा आले त्याच्या आदल्या आठवड्यात तिचं पोट बिघडलं होतं, मग त्याचं. त्याला चार दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी शेण-वासरं असं काही विचारलं नाही. तपासणीही नेहमीचीच केली, आणि नेहमीच्या तपासणीत हा परजीवी बहुतेक वेळा दिसत नाही. आता तो बरा आहे.

क्रिप्टोस्पोरिडियम माणसाला होतो हे १९७६ पासून माहीत आहे. वासरांच्या हगवणीच्या प्रत्येक केसमध्ये विचारायचा प्रश्न आहे : वासरांजवळ काम करणारं किंवा त्यांच्या घरातलं कोणी आजारी आहे का? लहान मूल आहे का? धडधाकट मोठा माणूस सहसा आठ-पंधरा दिवसांत आपोआप सावरतो, पण लहान मूल आणि ज्याची प्रतिकारशक्ती खचलेली आहे त्याच्यावर बेतू शकतं. माझ्या नमुना फॉर्मवर हा प्रश्न छापलेला आहे. एकोणीस वासरांच्या पापण्या मी मिलिमीटरने मोजल्या, आणि माझ्यासमोर पोट दाबत दोनदा उठून गेलेल्या बाईला मी एक प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर त्याच दिवशी नातवाला शेडबाहेर ठेवायला सांगितलं असतं, दवाखान्याला चिठ्ठी दिली असती.

“माझ्या हातानं गेलं का त्याला?” तिने विचारलं.

नाही म्हणून टाकावं असं फार वाटलं. मी म्हटलं, “वासरांकडून गेलं असेल, मावशी. तपासलं नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही. त्याने स्वतःच बोटं दिली होती ना त्यांना. तुम्हाला हे सांगायचं काम आमचं होतं. ते आम्ही केलं नाही.” मग घरी काय करायचं ते सांगितलं : शेडमधले कपडे घरी आणायचे नाहीत, साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला उचलायचं नाही, आणि नुसतं सॅनिटायझर या जंतूला पुरत नाही. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, त्या सकाळी खडूच्या बाणांकडे पाहून हलवली होती तशीच.

मी नवीन कागद लिहिला आहे. त्यात पहिलं कारण ओलं शेड, दुसरं अपुरी साधनं, तिसरं एकच माणूस आणि त्याला न दिलेलं प्रशिक्षण, चौथं क्रम. आजाराची पहिली खूण ओळखणारी व्यक्ती वासरांच्या शेडमध्ये परत आणावी, असं शिफारशीत लिहिलं आहे. मालकांनी तो वाचला आणि फाइलला लावला. जुना कागदही त्याच फाइलमध्ये आहे, त्याच्या वर.

त्या दिवशी निघताना मावशीने विचारलं होतं, “काजळी उभी राहते का आता?”

मी शेडमधून आले होते, पण नाव विचारून पाहिलं नव्हतं. तिला थांबा म्हटलं. परत गेले, बूट घासले, बदलले, हात धुतले, नवीन एप्रन घातला. सरळ शेवटच्या रांगेत जाता येत नव्हतं. तीन दिवसांच्या वासरापासून सुरुवात केली. मग पाच दिवसांचं. मग ते भरभर श्वास घेणारं; मुलाला हाक मारून त्याचा ताप घ्यायला लावला, आणि एप्रन, हातमोजे बदलून पुढे गेले. रांग संपायला वीस मिनिटं लागली. काळ्या तोंडाची कालवड शेवटच्या कप्प्यात उभी होती, कान वर. तोंडात बोट घातलं. ऊबदार होतं, आणि तिने ते असं जोरात ओढलं की हातमोजा निघायला आला.

कुट्टीपाशी पोहोचले तोवर मशीन पुन्हा सुरू झालं होतं. मावशीला ते ओरडून सांगावं लागलं.